88 टक्के पडून पण लिस्टमध्ये नाव नाही, असं का होतं

डिचोलीच्या ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलीला बारावी सायन्सला 88 टक्के, तरी फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरच्या पहिल्या लिस्टला नाव नाही, मेडिकलची नीट परीक्षा देऊन पण तिथलं काही जमलं नाही, आणि वर घरी सासरे म्हणतायत की आमच्या वेळी सेकंड क्लासवाल्याला पण कॉलेजवाले बोलावून घ्यायचे. मी फोंड्याकडे हायर सेकंडरीत 26 वर्षं केमिस्ट्री शिकवली, आता रिटायर्ड. दर जूनला हाच प्रश्न ऐकत आलो, फक्त टक्के बदलतात. सुरुवातीला 70 वाले रडायचे, मग 80 वाले, आता 90 वाले पण रडतात.

तुमचे सासरे खोटं बोलत नाहीत हां. 1961 पर्यंत गोव्यात साधं आर्ट्स-सायन्सचं कॉलेजच नव्हतं. मेडिकल स्कूल होतं, तेही 1842 पासूनचं, पण बीए-बीएस्सी करायचं म्हणजे बेळगाव, धारवाड नाहीतर मुंबई गाठायची. धेंपे आणि चौगुले ही कॉलेजं सुरू झाली 1962 ला, फर्मागुडीचं इंजिनिअरिंग 1967 ला. तेव्हा मॅट्रिकच्या पुढे शिकणारी गावात दोन-चार पोरं, वर्गात बाकं रिकामी, मग टक्के कोण विचारणार. आता बारावीला दरवर्षी सतरा-अठरा हजार मुलं बसतात आणि बहुतेक पास होतात.

पण खरं सांगू, नुसतं कॉलेज पाहिजे असेल तर आजही मिळतं. साध्या बीएस्सीला किंवा बीएला जागा नाही म्हणून घरी बसलाय असा माझा एकही विद्यार्थी मला आठवत नाही. सगळी मारामारी चार-पाच ठिकाणांसाठी आहे, आणि ती सगळ्यांनी एकदमच करायची ठरवलीय.

जीएमसीचं, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं बघा. अख्ख्या गोव्यात एमबीबीएससाठी तेवढं एकच. आधी दीडशे जागा होत्या, मग 180 झाल्या. त्यातल्या पंधरा टक्के ऑल इंडिया कोट्यात जातात, म्हणजे 27 गेल्या. उरल्या त्यात एसटी, ओबीसी, बाकीची आरक्षणं, आणि ती असायलाच पाहिजेत, त्यावर इथे वाद नको. पण उरलेला आकडा एवढा लहान की पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या हुशार मुलांना तो पुरणार कसा.

आणि नीट आल्यापासून मार्कांना अर्थ राहिला नाही, अर्थ फक्त रँकला. पूर्वी मेडिकलला जीसीईटी ही गोव्याची स्वतःची परीक्षा असायची, म्हणजे आपलीच पोरं आपल्यातच भांडायची. आता 2024 ला देशभरात 23 लाखांच्या वर मुलं बसली. 2023 मध्ये 600 मार्कांना तिसेक हजारांच्या आसपास रँक होती, पुढच्याच वर्षी त्याच 600 ला ऐंशी हजारांच्या आसपास गेली. पोरगी तेवढीच हुशार, अभ्यास तेवढाच, पण रांगेत पन्नास हजार माणसं पुढे घुसली. मग 2025 ला पेपर असा काढला की देशात पहिल्या आलेल्याला पण 720 पैकी 686. म्हणून शेजारणीच्या मुलीला दोन वर्षांपूर्वी एवढ्या मार्कांवर मिळालं होतं ही तुलना करूच नका, आधी घरात ती बंद करा.

बारावीच्या टक्क्यांचंही तेच. 2021 ला दिल्ली विद्यापीठाच्या काही कॉलेजांनी सरळ 100 टक्के कट-ऑफ लावला, त्यानंतर 2022 पासून तिकडे सीयूईटी ही प्रवेश परीक्षा आली. वरच्या टोकाला एवढी गर्दी झाली की 97 आणि 98 मधला फरक अभ्यासाचा राहत नाही, त्या दिवशी एखादं गणित चुकलं की नाही एवढाच. पण लिस्ट तर कुठेतरी कापावीच लागते, मग त्या एका मार्कावर कापतात.

आपल्याकडे अजून एक मजा आहे. आयआयटी गोवा 2016 पासून फर्मागुडीला, फोंड्याचं पोर रोज कदंबाच्या बसमधून तिथूनच जातं, पण तिथे गोंयकार म्हणून एक सीट राखीव नाही. झुआरीनगरचं बिट्स हे खाजगी इंजिनिअरिंग कॉलेज 2004 पासून, त्यांची परीक्षा वेगळी, फी ऐकून मी तर गप्पच बसलो. कुंकळ्ळीच्या एनआयटीत तेवढा होम स्टेटचा, म्हणजे इथल्या मुलांचा वाटा आहे, जेईई ही इंजिनिअरिंगची देशभरची परीक्षा दिली असेल तर तो बघा, बरेच पालक हे विसरतात.

सगळ्यांना कॉम्प्युटरच का पाहिजे, ते तुमच्या भागातल्या माणसाला मी काय सांगायचं. डिचोली-साखळीकडे ज्यांच्या दारात ट्रक होता त्यांना पोराच्या टक्क्यांची चिंता नसायची, खाणीवर दोन ट्रक लावले की घर चालायचं. 2012 ला खाणी बंद पडल्या, परत 2018 ला. त्यानंतर माझ्या वर्गात त्या बाजूची जी मुलं यायची त्यांचे वडील मीटिंगला येऊन एकच विचारायचे, सर, नोकरी कशात आहे. धंदा गेला, शेती परवडत नाही, सरकारी नोकरीला ओळख लागते अशी समजूत, मग डिग्री हा एकच भरवसा उरतो आणि तोही सगळ्यांना एकाच ब्रँचमध्ये दिसतो. त्याच कॉलेजात दुसऱ्या ब्रँचला जागा शेवटच्या राउंडपर्यंत लोंबकळत असतात.

आता मुद्द्याचं. पहिली लिस्ट बघून रडू नका. पहिल्या लिस्टमधली अर्धी नावं अजून चार ठिकाणच्या लिस्टमध्ये असतात, कोणाला एनआयटी लागते, कोणाला मेडिकल, कोण पुण्याला जातो, तसतशी लिस्ट खाली सरकते. फक्त कागद स्वतःकडे तयार पाहिजेत. माझ्या भाच्याचं सांगतो. पहिल्या दोन राउंडला नाव नाही म्हणून घाईघाईत एका कॉलेजात बीएस्सीला घातला, ओरिजिनल दाखला तिथे जमा. तिसऱ्या राउंडला नाव आलं, नेमकं गणेश चवथीच्या तोंडावर. ऑफिसात गेलो तर क्लार्क म्हणाला चवथीची सुट्टी झाल्यावर या. चवथ झाल्यावर गेलो तोपर्यंत इंजिनिअरिंगची सीट दुसऱ्याला गेली. गणपतीवरची फळांची माटोळी बांधताना बहीण रडत होती, मी काय बोलणार. तेव्हापासून सगळ्यांना सांगतो, तात्पुरती ॲडमिशन घ्या पण आधी विचारा की ओरिजिनल परत कधी मिळणार आणि फी किती कापणार, आणि ते लिहून घ्या. मामलेदाराचा रहिवासी दाखला पण आत्ताच काढून ठेवा, ऐन वेळी तिथे ही रांग असते.

मेडिकलचीच खरी आवड असेल तर नर्सिंग आहे, पणजीचं फार्मसी कॉलेज आहे, शिरोड्याचं आयुर्वेद आहे. वर्षभर ड्रॉप घेऊन नीट परत द्यायची म्हणाल तर ती स्वतःहून म्हणत असेल तरच, क्लासवाल्याने फोन करून सांगितलं म्हणून नको, त्याचं पोट त्यावर आहे.

एक कळलं नाही तुमच्या लिहिण्यातून. दुसऱ्या ब्रँचेस फॉर्ममध्ये भरल्याच नाहीत असं तुम्ही लिहिलंय, ते नको कोण म्हणालं, मुलगी की तुम्ही? तेवढं सांगा, आणि दुसऱ्या राउंडची तारीख पण, मग ऑप्शनचा क्रम कसा लावायचा ते बघू.