फुगा टायरला, फुगवटा बिलाला

टायर आणि गॅरेजचं बिल यावरून वाचकांनी विचारलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : गाडी सर्व्हिसिंगहून आणली आणि दुसऱ्याच दिवशी पुढच्या डाव्या टायरच्या साइडवॉलवर लिंबाएवढा फुगा दिसला. गॅरेजवाले म्हणतात, तुम्हीच खड्ड्यात आदळली असेल. भरपाई मागता येईल का?

मागता येईल, पण 'काल नव्हता, आज आहे' एवढ्या जोरावर नाही. साइडवॉलच्या, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीच्या, रबराआड दोऱ्यांचा थर असतो. हवेचा दाब तो थर पेलतो, नुसतं रबर पेलत नाही. चाक खड्ड्याच्या धारेवर किंवा फुटपाथच्या दगडावर आदळलं की साइडवॉल दगड आणि रिम यांच्या चिमटीत सापडते आणि दोऱ्या तुटतात. त्या जागी रबराला आधार उरत नाही, म्हणून ते बाहेर येतं. हवा कमी असेल तर साध्या धक्क्यालाही हे होतं. गोम पुढेच आहे. दोऱ्या आज तुटल्या तरी फुगा लगेच दिसेल असं नाही, कधी कधी काही दिवस जातात. त्यामुळे हा मार सर्व्हिसिंगच्या आधीचा असू शकतो आणि गॅरेजच्या माणसाने ट्रायलला नेली तेव्हाचाही.

छडा लावायचा तर टायर रिमवरून उतरवावा लागतो. उतरवण्याआधी खडूने फुग्यावरून एक रेघ काढा आणि ती तशीच पुढे रिमपर्यंत ओढा. व्हॉल्व्ह कुठे आहे त्याचीही टायरवर खूण करा. या दोन खुणा नसतील तर टायर सुटल्यावर कोणती जागा कशासमोर होती हे कुणालाच सांगता येत नाही. उतरवल्यावर रेघेच्या जागी रिमची कड हाताने चाचपा. तिथेच चेपलेलं लागलं आणि टायरच्या आतल्या अस्तरावर चीर किंवा घडी पडलेली दिसली, तर मार आदळण्याचा आहे, टायरच्या बनावटीचा दोष नाही. आता चेपलेला धातू निरखून पाहा. चकचकीत असेल तर मार ताजा, काळवंडलेला किंवा मातीने भरलेला असेल तर जुना. गाडी देताना जॉबकार्डावर लिहिलेले किलोमीटर आणि परत घेतानाचे किलोमीटर ताडून पाहा. ट्रायलसाठी पाच-सात किलोमीटर समजू शकतात, चाळीस नाही.

टायर चढवता-उतरवताना गॅरेजकडून होणारं नुकसान वेगळं दिसतं. त्यात टायरची आतली कड, म्हणजे बीड, फाटते किंवा तिची तार उघडी पडते, आणि रिमच्या दर्शनी बाजूवर टायर काढायच्या लोखंडी पट्टीचे चरे उमटतात. त्या दिवशी टायर रिमवरून उतरवलाच नसेल तर असल्या नुकसानीचा आरोप टिकत नाही.

एक गल्लत मात्र नेहमी होते. साइडवॉलवर आत गेलेली, मधून कडेकडे जाणारी उथळ खोलगट रेघ दिसली तर घाबरू नका. आतल्या कापडाची दोन टोकं एकमेकांवर चढवून जोडलेली असतात, त्या दुहेरी जागी टायर कमी ताणला जातो. हवा भरपूर भरली की रेघ जास्त उठून दिसते. ती निर्धोक असते. बाहेर आलेला फुगा मात्र कुठल्याच उपायाने दुरुस्त होत नाही. आजच स्टेपनी लावा.

गॅरेजने चूक मान्य केली तरी जुन्या टायरच्या बदल्यात पूर्ण नव्या टायरची किंमत मागणं रास्त नाही. हिशेब जमिनीला टेकणाऱ्या नक्षीच्या खोलीवर करा. समजा नवा टायर 8 मिमी खोल होता. 1.6 मिमीला तो बाद धरतात, म्हणजे वापरायची खोली 6.4 मिमी. आज 5 मिमी भरते, म्हणजे शिल्लक 3.4 मिमी. 3.4 भागिले 6.4, म्हणजे साधारण 53 टक्के. त्याच मापाच्या नव्या टायरच्या किमतीचे 53 टक्के, शिवाय फिटिंग आणि बॅलन्सिंगची (छोटी वजनं लावून चाक समतोल करण्याची) पूर्ण मजुरी, एवढं मागा. आकडा मांडून दाखवला की वादावादी निम्म्याने कमी होते. आणि निकाल लागेपर्यंत खराब टायर स्वतःच्या ताब्यात ठेवा. गॅरेजच्या ढिगात गेला की पुरावाच गेला.

प्रश्न : खिळा घुसला. एक जण म्हणतो टायर बदला, दुसरा म्हणतो पाच मिनिटांत पंक्चर काढून देतो. ऐकायचं कुणाचं?

खिळा कुठे आहे त्यावर ठरतं. जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्याचा साधारण मधला तीन-चतुर्थांश भाग दुरुस्तीला चालतो, तोही भोक 6 मिमीपर्यंत असेल तर. खांद्यावर, म्हणजे पट्टा संपून साइडवॉल सुरू होते तिथे, रबर प्रत्येक फेऱ्याला वाकतं आणि पॅच सुटतो. साइडवॉलवर तर प्रश्नच नाही.

पाच मिनिटांची दुरुस्ती म्हणजे टायर न उतरवता बाहेरून भोकात चिकट रबरी दोरी खुपसणं. घरी पोहोचायला ती ठीक आहे, तिच्यावर महामार्गाचा प्रवास करू नये. टायर उतरवल्याशिवाय आत काय झालंय ते कळत नाही, हा तिचा खरा दोष. हवा गेलेल्या टायरवर गाडी थोडीशी जरी चालली असेल तरी साइडवॉल आतून घासली जाते. टायर उतरवल्यावर आत हात फिरवा. हाताला काळी रबरी भुकटी लागली किंवा अस्तरावर गोल कडं उमटलेलं दिसलं, तर भोक कितीही लहान असो, टायर बाद. 'बदला' म्हणणाऱ्याने हे दाखवलं तर तो लुबाडत नाही. न दाखवता म्हणत असेल तर दाखवायला सांगा.

नीट दुरुस्ती अशी होते : भोक ड्रिलने साफ करायचं, आतलं अस्तर पॅचच्या मापाहून थोडं मोठं घासून घ्यायचं, भुकटी ओढून काढायची, सोल्युशन लावून ते सुकू द्यायचं, मग मश्रूम पॅचची दांडी आतून बाहेर ओढायची, डोकं रोलरने दाबत मधून कडेकडे हवा काढायची आणि बाहेर आलेली दांडी कापायची. शेवटी गळती पाहायला साबणाचं पाणी आणि मग बॅलन्सिंग. यात दोन ठिकाणी घाई होते. सोल्युशन ओलं असतानाच पॅच चिकटवला तर काही आठवड्यांत कडेने सुटतो. घासणी जास्त झाली आणि दोऱ्या दिसू लागल्या तर टायर दुरुस्तीनेच मेला, आणि ती चूक दुरुस्ती करणाऱ्याची. बाटलीतलं सीलंट आधी भरलं असेल तर ते सांगून टाका. लपवलं तर टायर खोलणाऱ्याच्या अंगावर चिकट लगदा सांडतो आणि पॅचही धड बसत नाही.

प्रश्न : वर्षाच्या आत पुढचे दोन्ही टायर आतल्या बाजूने गोटा झाले. गॅरेजने लोअर आर्म, शॉकअप, टाय रॉड एंड, चारही टायर आणि अलाइनमेंट, असा लांबलचक अंदाज दिला आहे. खरंच एवढं लागतं?

कदाचित लागेल, पण घासलेला टायरच त्यातलं बरंच सांगून टाकतो. मध्यभागी झीज म्हणजे हवा जास्त. दोन्ही कडांना म्हणजे हवा कमी. एकाच कडेला म्हणजे टो (वरून पाहिल्यावर चाक आत-बाहेर किती वळलंय) किंवा कॅम्बर (समोरून पाहिल्यावर चाक किती कललंय) बिघडलेला. हे कोन नीट करणं म्हणजे अलाइनमेंट. जागोजागी वाट्या पडल्यासारखी झीज असेल तर शॉकअप थकलेले किंवा बॅलन्सिंग गेलेलं.

टोची परीक्षा तळहाताने होते. गाडी उभी असताना तळवा नक्षीवरून आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं अडकत असेल, तर चाक रस्त्यावर सरळ न जाता तिरकं घासत चाललंय. यात शॉकअपचा दोष नाही. असं अडकत नसेल आणि नुसती आतली कड सपाट झिजली असेल तर कॅम्बरचा संशय घ्या.

आता भाग खरोखर सैल आहेत का ते स्वतःसमोर तपासून घ्या. गाडी जॅकवर, खाली स्टँड, चाक अधांतरी. घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी हात धरून चाक हलवा. खटखट जाणवली तर बहुधा टाय रॉड एंड, म्हणजे स्टीअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचं टोक. बारा आणि सहाच्या जागी जाणवली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. दुसऱ्या माणसाने सांध्याला बोट लावून ठेवलं तर खेळ नेमका कुठे आहे ते समजतं. शॉकअपवर नुसता ओलसर धुळीचा थर असेल तर तेवढ्याने तो बदलायचा नसतो, तेल ओघळत असेल तर बदलायचाच. बदललाच तर एका ॲक्सलचे, म्हणजे पुढचे किंवा मागचे, दोन्ही बदला.

क्रमही महत्त्वाचा. आधी सैल भाग, मग टायर आणि हवेचा दाब, सर्वांत शेवटी अलाइनमेंट. सैल टाय रॉडवर केलेलं अलाइनमेंट म्हणजे पाटावर उभं राहून उंची मोजण्यासारखं आहे. अलाइनमेंटचा आधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही आकडे असलेला कागद मागून घ्या. फक्त नंतरचा कागद देणाऱ्याने काय सुधारलं ते सिद्धच होत नाही. बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढचा टो सोडला तर दुसरं काही फिरवायची सोयच नसते. बिलात 'कॅम्बर ॲडजस्ट' अशी मजुरी दिसली, तर कोणता बोल्ट फिरवला एवढंच विचारा.

चार टायरचं म्हणाल, तर मागचे दोन चांगले असतील तेव्हा दोनच घ्या. नवे दोन मागच्या ॲक्सलवर लावा आणि मागचे पुढे आणा, मापं एकच असतील तर. ओल्या रस्त्यावर मागची पकड आधी सुटली तर गाडी गरकन फिरते, पुढची सुटली तर ती सरळ घसरते आणि सावरायला जरा वाव असतो. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत मात्र पुढच्या-मागच्या नक्षीतला फरक किती चालतो ते मॅन्युअलमध्ये पाहा. तिथे चारही बदला म्हणणारा मेकॅनिक बरोबर असू शकतो.

प्रश्न : टायर बदलल्यापासून ताशी 90 च्या आसपास स्टीअरिंग थरथरतं. गॅरेज अलाइनमेंट करायला सांगतंय.

थरथर हा अलाइनमेंटचा आजार नाही. गाडी एका बाजूला ओढली तर अलाइनमेंट, ठराविक वेगाला थरथरली तर बॅलन्सिंग. स्टीअरिंग हलत असेल तर पुढची चाकं, सीट हलत असेल तर मागची. रिमच्या आतल्या बाजूला बॅलन्सिंगच्या वजनाचा, म्हणजे शिशाचा किंवा चिकटपट्टीचा, तुकडा निघून गेल्याचा स्वच्छ चौकोन दिसतो का पाहा. साइडवॉलवर रिमलगत एक बारीक गोल रेघ असते. रिमपासून तिचं अंतर सगळीकडे सारखं हवं. एका ठिकाणी ती आत गेली असेल तर टायर रिमवर नीट बसलेला नाही आणि कितीही वजनं लावली तरी थरथर जाणार नाही. हवा सोडून, कडेला टायरची पेस्ट लावून तो पुन्हा बसवावा लागतो. हे फिटिंगचं अपुरं काम आहे, त्याची वेगळी मजुरी देऊ नका. बाण असलेला टायर उलटा चढवला असेल, किंवा 'आउटसाइड' लिहिलेली बाजू आत गेली असेल, तर तेही फुकट सुधारून मागा.

प्रश्न : पंक्चर काढायला गेलो तर व्हील नट निघेना, शेवटी स्टड तुटला. खर्च माझ्या माथी का?

मागच्या वेळी नट कुणी आवळले होते? हवेच्या गनने 'कर्रर्र' करून दोन सेकंदांत आवळलेल्या नटावर किती जोर पडला हे त्या माणसालाही ठाऊक नसतं. बऱ्याच लहान-मध्यम गाड्यांना 90 ते 120 न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क लागतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. त्याहून बराच जास्त जोर पडला की स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, ताणला जातो आणि पुढच्या खेपेला तुटतो, म्हणजे पाप एकाचं आणि बिल दुसऱ्याच्या हातून. मागचं काम नुकतंच, त्याच गॅरेजमध्ये झालं असेल आणि बिल हाताशी असेल तर स्टड त्यांनी द्यायला हवा. आटे गंजलेले असतील तर तो खर्च आपला. यापुढे गनने फक्त टेकवू द्या. शेवटचा पीळ टॉर्क पान्याने, समोरासमोरचे नट आलटून पालटून. 50 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासा, विशेषतः अलॉय रिम असेल तर.

प्रश्न : 'नवा' म्हणून घेतलेला टायर किती जुना आहे ते कसं कळतं?

साइडवॉलवर डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. 2323 म्हणजे 2023 सालचा तेविसावा आठवडा. हे आकडे एकाच बाजूला असू शकतात, त्यामुळे टायर चढवल्यावर ते आत गेले तर खाली वाकून टॉर्चने शोधत बसावं लागतं. म्हणून चढवण्याआधीच पाहा आणि बिलावर लिहून घ्या. सावलीत नीट ठेवलेला वर्षभराचा टायर घ्यायला हरकत नाही. तीन वर्षांचा असेल तर सवलत मागा, नाहीतर दुसरा.

प्रश्न : प्रत्येक बिलात नायट्रोजनचे पैसे असतात. द्यावेत?

साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळत असेल तर भरा. पैसे देण्यापेक्षा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना, दाब तपासा.