घड्याळाचं टेबल : युद्धाआधीची वॉटरप्रूफ मनगटी घड्याळं

प्रश्न : ताई, माझे आजोबा मराठा पलटणीत होते. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच भरती झाले आणि पेन्शनीत आल्यावर गावी राहिले. त्यांचं मनगटी घड्याळ आमच्याकडे आहे. मागचं झाकण पेचाचं, त्याला दहा कडा आहेत. डायलवर काळे ठिपके आलेत, आकड्यांवरचा रंग तपकिरी झालाय. चावी दिली की चालतं, पण दिवसाला वीसेक मिनिटं मागं पडतं. बेळगावातल्या एकाने पॉलिश मारून, डायल रंगवून नव्यासारखं करून देतो म्हटलंय. करून घेऊ का? आणि वॉटरप्रूफ आहे तर पावसात घालून शेतात जाता येईल का? – एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : डायल रंगवू नका आणि केसला (घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचाला) पॉलिशचं चाक लागू देऊ नका. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे त्या दहा कडा, आणि चाकावर आधी त्याच झिजतात.

असं झाकण जिनिव्हाच्या तोबेर या केस बनवणाऱ्यांच्या कामाची ओळख आहे. 1924 साली त्यांनी फ्रान्स्वा बोर्गेल यांचा जुना कारखाना घेतला. बोर्गेल यांनी पेचाच्या केसचं पेटंट 1891 मध्येच काढलं होतं, म्हणजे मनगटी घड्याळाची चाल पडण्याच्या कितीतरी आधी. तोबेरच्या केस मिडो, मोव्हाडो, अगदी पाटेक फिलिप या घड्याळ कंपन्यासुद्धा वापरायच्या. त्यामुळे डायलवर नाव कुणाचंही असो, झाकण उघडून आतल्या बाजूचे शिक्के बघून घ्या. मात्र एक लक्षात ठेवा : अशी झाकणं युद्धानंतरही बनत होती. नुसत्या दहा कडांवरून 'युद्धाआधीचं' असं ठरत नाही. आजोबांचं डिस्चार्ज बुक, घड्याळ हातात असलेला एखादा जुना फोटो, दुकानाची पावती असं काही घरात असेल तर ते घड्याळासोबतच ठेवा. केसचा शिक्का, मशीनवरचा नंबर आणि हे कागद एकत्र बघूनच साल लावता येतं.

कडा का जपायच्या ते सांगते. या झाकणाला दहा कडांचाच पाना लागतो. तो सगळ्या कडांवर एकदम बसतो, म्हणून जोर सारखा वाटला जातो आणि झाकण घट्ट बसतं. पॉलिशने कोपरे गोल झाले की पाना घसरतो. मग कुणीतरी पकड लावतो, झाकणावर ओरखडे पडतात, आणि पुढच्या वेळी ते नीट आवळलंच जात नाही. म्हणजे चकचकीत दिसण्यापायी ज्यासाठी हे घड्याळ बनवलं तेच काम आपण मोडतो. केस पितळेची, वर क्रोमचा मुलामा असलेली असेल तर आणखी वाईट. चाकाखाली पिवळं पितळ उघडं पडतं आणि ते पुन्हा झाकता येत नाही.

वीस मिनिटं मागं पडणं हे बहुधा वाळलेल्या तेलाचं काम आहे. मशीन पूर्ण खोलून, धुऊन, नवं तेल घालून घ्या. वरून थेंबभर तेल सोडणाऱ्याकडे देऊ नका. चावीची (बाजूच्या बोंडाची) दांडी आणि तिच्या शेजारचे लिव्हर आधी बघायला सांगा, कारण पाणी त्याच वाटेने शिरतं आणि पहिला गंज तिथेच धरतो. मशीनच्या बाकीच्या भागात पितळ पुष्कळ असतं, ते तग धरतं. दांडी पोलादाची. आमच्याकडे येणाऱ्या जुन्या घड्याळांत ती मधेच बारीक झालेली दिसते, आणि तिच्या मुळाशी तांबूस पूड साठलेली असते. ती पूड दिसली की पुढचं सगळं खोलूनच बघावं लागतं.

पावसात? अजिबात नको. तोबेरने दांडीभोवती कॉर्कचं सील बसवलं होतं. कॉर्क दाबलेलं आणि किंचित तेलकट राहिलं तरच पाणी अडवतं. इतक्या वर्षांत ते सुकून आकसलेलं असणार. झाकणावर वॉटरप्रूफ असं कोरलेलं आहे ते त्या दिवसाबद्दल, आजच्या कणकुंबी-जांबोटीच्या पावसाबद्दल नाही. घाम आणि हवेतली ओलही पुरेशी आहे. तुमच्या डायलवरचे काळे ठिपके त्याचेच.

माझे वडील बेळगावच्या शहापुरात हेच काम करायचे. पेन्शनचं काम घेऊन लष्करी कॅम्पात आलेली मंडळी परत जाताना घड्याळ दाखवून जात. त्यांच्या घड्याळांचे डायल क्वचितच स्वच्छ असायचे. वडील डायल रंगवायला साफ नकार देत, गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं तरी चालेल म्हणत. आज तीच न रंगवलेली, ठिपके पडलेली घड्याळं जाणकार शोधत असतात.

प्रश्न : मला युद्धाआधीची वॉटरप्रूफ घड्याळं जमवायची आहेत. एका व्यापाऱ्याने रोलेक्स ऑयस्टर दाखवलंय, 1920च्या दशकातलं म्हणतो. डायल एकदम कोरं, आकडे लाल-निळे. ऑयस्टरनेच सुरुवात करावी का? – एक वाचक, निपाणी

उत्तर : ते घेऊ नका, आणि सुरुवातही ऑयस्टरने करू नका. ज्या नावाला सगळ्यात जास्त भाव त्याचीच सगळ्यात जास्त नक्कल आणि जोडजाड होते. आपल्याकडे जुन्या मशीनवर नवं रंगवलेलं डायल बसवून घड्याळ विकायचा धंदा वर्षानुवर्षं चालू आहे. इतकं जुनं डायल कोरं करकरीत आणि वर लाल-निळे आकडे असतील तर भिंगातून बघा. अक्षरांच्या कडा फुगलेल्या, मिनिटांच्या रेघा एकसारख्या नाहीत, सेकंदाच्या छोट्या वर्तुळाने मोठा आकडा वेडावाकडा कापलेला, तळाचं 'स्विस मेड' गायब किंवा एका बाजूला सरकलेलं, यातलं काही दिसलं तर डायल बहुधा कारखान्याचं नाही.

पण ऑयस्टरची गोष्ट समजून घ्यायलाच हवी, कारण त्यातून काय बघायचं ते कळतं. घड्याळात पाणी शिरायच्या वाटा तीन : काच, मागचं झाकण आणि चावी. पहिल्या दोन पेचाने किंवा दाबाने बंद करता येतात. अडचण चावीची. ती रोज फिरवायची, म्हणजे तिथं भोक ठेवावंच लागतं. 1921 मध्ये जाँ फिंगर यांनी यावर उपाय काढला : अख्खं घड्याळ दुसऱ्या बाहेरच्या केसमध्ये ठेवायचं आणि वरून पेचाची कडी आवळायची. या हर्मेटिक, म्हणजे हवाबंद, घड्याळांत पाणी आणि धूळ दोन्ही अडायचं. पण चावी द्यायला रोज कडी उघडायची, आतलं घड्याळ बिजागरीवर वर उचलायचं, चावी देऊन परत आवळायचं. सोन्याची केस असली तर आटे लवकर झिजायचे. हर्मेटिक घड्याळ बघायला मिळालं तर आधी कडी फिरवून बघा. आटे गुळगुळीत झालेत का ते बोटाला कळतं.

मग पॉल पेरेगो आणि जॉर्ज पेरे यांनी चावीलाच आटे दिले, म्हणजे ती केसच्या नळीवर पेचासारखी बसवायची. 1925 सालचं हे पेटंट रोलेक्सच्या हान्स विल्सडॉर्फ यांनी विकत घेतलं. मूळ रचनेत एक खोट होती : चावी आवळताना स्प्रिंगही भरत जायची, त्यामुळे स्प्रिंग पूर्ण भरलेली असली की चावी पुरती आवळता यायची नाही. रोलेक्सने मध्ये क्लच (चावी आणि मशीनचा जोड सोडवणारा भाग) टाकून ती अडचण काढली, आणि 1926 मध्ये ऑयस्टर बाजारात आलं. 1927 च्या ऑक्टोबरमध्ये मर्सिडीज ग्लाइट्झ ही बाई इंग्लिश खाडी पोहून पार झाली. आणखी एकीने खोटा दावा केल्यामुळे लोक तिच्यावरही शंका घेऊ लागले, म्हणून ती त्याच महिन्यात पुन्हा पाण्यात उतरली. या वेळी गळ्यात ऑयस्टर होतं. थंडीमुळे तिला वर काढावं लागलं, पण पाण्यात दहा तासांहून जास्त काढूनही घड्याळ चालूच होतं. 24 नोव्हेंबर 1927 ला लंडनच्या 'डेली मेल'च्या पहिल्या पानावर विल्सडॉर्फ यांनी त्याची जाहिरात दिली. ती पोहण्याची हिंमत मला घड्याळापेक्षा मोठी वाटते, हे आवर्जून लिहावंसं वाटतं.

आता रोलेक्सशिवायचं जग बघा. जॉन हारवुड या इंग्रज घड्याळजीने चावीच काढून टाकली. हाताच्या हालचालीने आपोआप भरणारं त्याचं घड्याळ काचेभोवतीची कडी फिरवून लावायचं. त्याचं स्विस पेटंट 1924 चं. ओमेगाने 1932 मध्ये मरीन काढलं, चौकोनी, पेटीत पेटी सरकवलेली. 1936 मध्ये ते जिनिव्हा सरोवरात 73 मीटर खोल अर्धा तास ठेवून तपासलं, आणि पुढच्या वर्षी नूशातेलच्या प्रयोगशाळेने 135 मीटरच्या दाबाला ते टिकल्याचं नोंदवलं. 1934 चं मिडो मल्टिफोर्ट तर आपोआप भरणारंही आहे आणि पाणी अडवणारंही. घड्याळ आपोआप भरतं म्हणजे चावीला रोज हात लागत नाही, सील झिजत नाही. इतक्या साध्या विचाराने मोठा प्रश्न हलका झाला.

माझं मत विचाराल तर पहिली खरेदी ओमेगाच्या मरीनची नको, ती महाग आणि दुर्मीळ. मल्टिफोर्टसारखं, किंवा फारसं नाव नसलेल्या कंपनीचं पण चांगल्या पोलादी केसचं घड्याळ घ्या. दोन गोष्टी हातात घेऊन तपासा. चावी पेचाची असेल तर ती सुरुवातीलाच सरळ पकडते का, की वाकडी जाऊन अडकते? आणि झाकण उघडल्यावर आतल्या कडेला तपकिरी वलय आहे का? वलय असेल तर पाणी किंवा घाम आत जाऊन गेलाय, विक्रेता काहीही सांगो. मशीन दुरुस्त होतं. केसचे आटे गेले तर ते परत आणणारा माणूस आता सापडत नाही. म्हणून अशा घड्याळात पैसे केससाठी मोजायचे.

प्रश्न : आकड्यांवर रेडियम असतं म्हणतात. घरात लहान मुलं आहेत. धोका आहे का? – एक शिक्षिका, चिकोडी

उत्तर : युद्धाआधीच्या अंधारात चमकणाऱ्या डायलवर रेडियम हे किरणोत्सर्गी द्रव्यच असतं. आता ते चमकत नाही, कारण त्याच्यामुळे चमकणारं रंगातलं झिंक सल्फाइड थकलेलं असतं. रेडियम मात्र तसंच असतं, अर्धं व्हायला त्याला सुमारे 1600 वर्षं लागतात. मुलांना खेळायला देऊ नका आणि उघडं मशीन त्यांच्यासमोर ठेवू नका. मुख्य धोका सुटलेली पूड श्वासात किंवा तोंडात जाण्याचा आहे, त्यामुळे काच काढून आकडे खरवडणं, काट्यांचा रंग टोकरणं कुणीही करू नये. आमच्या टेबलावर असं डायल आलं की मी हात धुतल्याशिवाय चहालाही हात लावत नाही. अनेक घड्याळं असतील तर बंद पेटीत कोंडू नका, रेडियममधून रेडॉन वायू बाहेर पडतो. हवा खेळती राहील अशा कपाटात, झोपायच्या खोलीबाहेर ठेवा.

याच कपाटाबद्दल आणखी एक. त्या काळच्या न फुटणाऱ्या काचा बहुतेक सेल्युलॉइडच्या. त्या पिवळ्या पडतात, कुजताना आम्लाची वाफ सोडतात आणि तिने काटे गंजतात. अशी काच लवकर पेटही घेते, तेव्हा समईपासून लांब. काच पिवळी आणि चिकट वाटू लागली तर ती बदलून घ्या. इथं मूळ काच जपायचा हट्ट धरू नये. आणि पावसाळ्यात आपल्याकडे कपाटातलं चामडं पांढरं होतं, म्हणून पट्टा काढून वेगळा ठेवा आणि घड्याळाजवळ सिलिका जेलच्या पुड्या टाका.

प्रश्न : आजीच्या घड्याळात पाणी गेलं, काच आतून धुरकट झालीय. तांदळात ठेवलंय. – एक वाचक, हुक्केरी

उत्तर : तांदळातून लगेच काढा, त्याची पूड सांध्यांत जाते. चावी देऊ नका, उन्हात ठेवू नका. ताप लागला की ओल मशीनभर पसरते. आजच्या आज घड्याळजीकडे न्या आणि झाकण काढून मशीन केसबाहेर काढायला सांगा. दोन दिवस गेले तर दांडीला गंज चढतो, मग नुसती साफसफाई पुरत नाही.