इंग्रजीचा पूल नको: स्पेनला येणाऱ्यांसाठी शब्दांच्या निवडीबद्दल

तुम्ही दोघं सप्टेंबरात व्हॅलेन्सियाला येताय, एकाला मास्टर्सला प्रवेश मिळालाय. प्रश्न असा की फोनवर एक इंग्रजी शब्द टाकला की चार-पाच स्पॅनिश शब्द येतात, त्यातला कुठला घ्यायचा?

माझं म्हणणं, इंग्रजी शब्द टाकूच नका. आधी मराठीत काय म्हणाल ते ठरवा, कारण इंग्रजीनं एकत्र कोंबलेले अर्थ मराठीनं बऱ्याचदा आधीच वेगळे केलेले असतात. 'हॉट' घ्या. आपण तिखट, गरम आणि उकडतंय हे तीन वेगळे म्हणतो, स्पॅनिशही तेच करतं: पिकान्ते, कालिएन्ते आणि 'तेन्गो कालोर'. उकाड्यानं हैराण होऊन 'एस्तोय कालिएन्ते' म्हणालात तर समोरचा गालातल्या गालात हसेल, का ते इथे लिहीत नाही. 'पेपर' तसाच. मिरी म्हणजे पिमिएन्ता, ढोबळी मिरची म्हणजे पिमिएन्तो, आणि सुक्या लाल मिरच्यांची पूड पिमेन्तोन. ही पूड घेताना डब्यावर 'दुल्थे' (गोडसर, म्हणजे तिखट नसलेली) आहे की 'पिकान्ते' ते बघा, नाहीतर आमटीला नुसता रंग येईल.

घर भाड्यानं घेताना ही सवय फार कामाला येते. 'डिपॉझिट' टाकलंत तर फोन वाटेल ते देईल. अनामत रक्कम म्हणजे फिआन्था. राहत्या घरासाठी कायद्यानं ती एका महिन्याच्या भाड्याइतकी असते, मालक त्यावर जादा हमी मागू शकतो. घर अडवून ठेवायला दिलेला इसार म्हणजे सेन्याल. आणि बँकेत पैसे भरणं म्हणजे इन्ग्रेसो. 'सेन्याल भरा' असा निरोप आला तर तो इसार आहे, अनामत नाही. देण्याआधी घर पसंत नसल्यास ते परत मिळतील का, हे लेखी विचारून घ्या.

काही ठिकाणी मात्र मराठीही दगा देते. 'तिकीट' आपण ट्रेनचं, सिनेमाचं आणि पाकिटावर चिकटवायचं, सगळ्यालाच म्हणतो. इथे ट्रेनचं बियेते, सिनेमाचं एन्त्रादा, पाकिटावरचं सेयो. त्यात बियेते म्हणजे नोटसुद्धा. आणि इंग्रजीतलं पोलिसांनी दिलेलं 'टिकेट' म्हणजे मुल्ता, अर्थात दंड.

आता तुम्हाला पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त लागणारा शब्द: रजिस्ट्रेशन. इथे शब्द विचारू नका, खिडकी कुठली ते विचारा. युनिव्हर्सिटीत नाव नोंदवणं म्हणजे मात्रिकुला (गाडीच्या नंबरप्लेटलाही हाच शब्द). महापालिकेत राहत्या पत्त्याची नोंद म्हणजे एम्पाद्रोनामिएन्तो. बोलताना सगळे नुसतं 'पाद्रोन' म्हणतात. आधी अपॉइंटमेंट घ्यावी लागते, तिला 'थिता प्रेविया' म्हणतात. पासपोर्ट आणि घराचा करारनामा सोबत ठेवा. नोकरी लागली की सोशल सिक्युरिटीत होणारी नोंद म्हणजे आल्ता. वीज, इंटरनेट सुरू करायलाही 'दार्से दे आल्ता'च. पण हॉस्पिटलात डॉक्टरांनी 'आल्ता' दिली तर त्याचा अर्थ घरी सोडलं! उलट आजारपणाची रजा म्हणजे बाखा. मूल झालं तर जन्मनोंद 'रेखिस्त्रो थिविल'मध्ये, आणि त्या नोंदीला इन्स्क्रिप्थिओन.

मग नुसतं 'रेखिस्त्रो' म्हणजे काय? इंग्रजीच्या जवळचा म्हणून फोन बहुतेकदा तोच पुढे करतो. सरकारी ऑफिसात ती पाटी दिसली तर तो आपला आवक-जावक विभाग समजा. तिथे अर्ज द्यायचा, आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्यायचा आणि ती प्रत जपून ठेवायची. एम्पाद्रोनामिएन्तोसाठी आलोय हे सांगताना 'रेखिस्त्रो' म्हणालात, तर तुम्हाला याच खिडकीकडे पाठवतील. अर्जाला 'आप्लिकाथिओन' म्हणू नका, ते फोनमधलं ॲप. कागदी असो की ऑनलाइन, अर्ज म्हणजे सोलिथितुद.

पदवीच्या कागदांबाबत मी जरा कडक बोलणार आहे. 'बॅचलर'चं भाषांतर 'बाचियेरातो' करू नका आणि कुणाला करू देऊ नका. बाचियेरातो म्हणजे आपली अकरावी-बारावी. चार वर्षांचं इंजिनिअरिंग एका शब्दात बारावीवर येतं. पदवी म्हणजे ग्रादो. कॉलेजला 'कोलेखिओ' लिहिलंत तर ती शाळा होते, आणि 'कोलेखिओ मायोर' म्हणजे विद्यार्थ्यांचं वसतिगृह. गुणपत्रकांना 'एक्स्पेदिएन्ते आकादेमिको' म्हणतात. अधिकृत कामासाठी भाषांतर 'त्रादुक्तोर खुरादो'कडूनच लागतं, म्हणजे स्पेनच्या परराष्ट्र मंत्रालयानं मान्यता दिलेल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडून. मंत्रालय त्यांची यादी जाहीर करतं. भाषांतर करायला देण्याआधी अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून त्यावर मिळणारं सरकारी प्रमाणपत्र) उरकून घ्या, म्हणजे त्यावरचा मजकूरही भाषांतरात येईल. कोर्स किती वर्षांचा, हेही त्यांना सांगा.

पडताळायची माझी पद्धत साधी आहे. मिळालेला स्पॅनिश शब्द उलटा शोधायचा, शक्यतो रेआल अकादेमिया या स्पॅनिश भाषेच्या अधिकृत संस्थेच्या मोफत ऑनलाइन कोशात. वस्तू असेल तर थेट चित्रं बघायची: 'शीट'साठी साबाना टाकलं की चादरी दिसतात, ओखा टाकलं की कागद आणि झाडाची पानं. शब्दापेक्षा आख्खं वाक्य टाकलंत तर फोनही कमी गोंधळतो.

व्याकरणाला घाबरू नका. 'मे गुस्तान लोस मान्गोस' म्हणजे शब्दशः 'मला आंबे आवडतात'. क्रियापद आंब्यांप्रमाणेच चालतं. 'मला पोहता येतं' याला 'से नादार', तिथे 'पुएदो' (मी करू शकतो) लागत नाही.

ॲपमध्ये भाषा निवडताना 'स्पॅनिश (स्पेन)' असा पर्याय असेल तर तोच घ्या, नाहीतर मेक्सिकोचे शब्द येऊ शकतात. बस पकडण्याला इथे सर्रास 'कोखेर' म्हणतात, मेक्सिकोत आणि अर्जेंटिनात तो शब्द अश्लील आहे. वर्गात तिकडची मुलं असतील तर त्यांचे चेहरे बघून कळेलच. आणि व्हॅलेन्सियात बऱ्याच सरकारी पाट्या व्हॅलेन्सियन भाषेत असतात, त्यामुळे महापालिकेवर 'आयुन्तामिएन्तो'ऐवजी 'अजुन्तामेंत' दिसेल. इमारत तीच, खुशाल आत जा.