आकृत्या काढून क्वांटम कूटलिपीची सुरक्षितता खरंच सिद्ध होते का?

होते. ती नुसती समजावण्यापुरती चित्रं नसतात. तार म्हणजे क्यूबिट (क्वांटम माहितीचं एकक, संगणकातल्या बिटसारखं), चौकोन म्हणजे त्यावरची क्रिया, आणि तारा वाकवायचे नियम पक्के. अब्राम्स्की आणि कुके या संशोधकांनी 2004 मध्ये याचा पाया घातला.

1984 चा बीबी84 घ्या, म्हणजे क्यूबिट पाठवून दोघांनी गुप्त किल्ली ठरवायची पद्धत. राजारामपुरीत चहा पिताना मित्राला बिलामागं काढून दाखवलेलं: पाठवणाऱ्या अ‍ॅलिसकडून घेणाऱ्या बॉबकडे तार, मध्ये चोरून ऐकणाऱ्या चोराचा चौकोन, त्यातून फुटलेली एक जादा तार थेट चोराच्या घरी. आता अट घाला, उभ्या-आडव्या आणि तिरक्या अशा दोन्ही बेसिसमध्ये (क्यूबिट मोजायच्या दिशांमध्ये) बॉबला एकही चूक दिसू नये. नियम लावत गेलं की चौकोनाचे दोन तुकडे पडतात: इकडे सरळ तार, तिकडे सुटी पडलेली शेपटी. जोडच नाही, तर माहिती जाणार कुठून? "म्हणजे चोर हात हलवत परत," मित्र म्हणाला. बरोबर. मात्र अट एकाच बेसिसपुरती ठेवली तर तुकडे पडत नाहीत, चोर त्या बेसिसची आरामात नक्कल करतो.

प्रत्यक्षातल्या ऑप्टिकल फायबरमध्ये मात्र शून्य चूक कधीच मिळत नाही. तिथं किती टक्के चूक चालेल याचं गणित लागतं, आणि क्यूबिट टिपणाऱ्या डिटेक्टरमधला दोष तर आपण मुद्दाम रेखाटल्याशिवाय आकृतीत येतच नाही.