जुनी गाडी घेतली, आधी काय बघू?

प्रश्न : सेकंडहँड स्प्लेंडर घेतली. आधीचा मालक म्हणतो, ऑइल नुकतंच बदललंय. आधी काय बघू?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : भाऊ, त्याच्या शब्दावर राहू नका, ऑइल बदलूनच टाका. काढलेल्या ऑइलमध्ये चकाकणारा चुरा दिसला तर गाडी लगेच मेकॅनिकला दाखवा. पण मला खरी काळजी टायरची वाटते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. त्यावरून टायर कधी बनला ते कळतं : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी रबराला बारीक भेगा असतील, तर मे महिन्यात तापलेल्या वर्धा रोडवर तो टायर अजिबात नेऊ नका, बदला. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. चेन बोटाने वर-खाली हलवा, दोन-तीन सेंटीमीटर ढील ठीक. आणि आरसी नावावर करून घ्यायला उशीर नको.