संशयाला रविवारची वेळ दे

अनेक आशीर्वाद.

‘कुठलंच मूल्य अंतिम नाही, मग एखाद्यासाठी घाम का गाळायचा?’ हा तुझा प्रश्न आळसाचा नाही. ल्योतार या फ्रेंच विचारवंताने 1979 मध्ये उत्तर-आधुनिकतेची ओळख थोडक्यात सांगितली होती: महाकथनांवरचा, म्हणजे सगळ्या जगाचा अर्थ एकाच गोष्टीत सांगू पाहणाऱ्या मोठ्या दाव्यांवरचा, अविश्वास. तो हवाच, त्याने बरेच भोंदू उघडे पडले. पण ‘अंतिम काही नाही’ यातून ‘करण्यासारखं काही नाही’ हे निघत नाही. तू ती उडी नकळत मारली आहेस.

2010 मध्ये फर्म्यूलेन आणि फान डेन आक्कर या डच अभ्यासकांनी ‘मेटामॉडर्निझम’ हा शब्द चर्चेत आणला. आस्था आणि उपरोध यांच्यात हेलकावे खाणारं मन, असा त्याचा गाभा. रोजच्या जगण्यात मात्र त्या हेलकाव्यांना वेळापत्रक लागतं.

एकच मूल्य घे आणि ते क्रियापदात लिही. ‘प्रामाणिकपणा’ नको, ‘चूक लक्षात आली की त्याच दिवशी संबंधिताला सांगेन’ हे चालेल. ‘अमुक झालं की तमुक करीन’ असा सांधा असला की ऐन वेळी विचार करत बसावं लागत नाही. मुदत 12 आठवडे. 21 दिवसांत सवय लागते ही लोणकढी सोडून दे. लंडनमध्ये 96 जणांवर झालेल्या अभ्यासात सवय लागायचा मध्यक (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) 66 दिवस निघाला, आणि पल्ला 18 ते 254 दिवसांचा. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं.

बिघडतं ते दुसरीकडे. ‘मुळात हे करावंच का?’ हा खटला रोज नव्याने उभा राहतो आणि सगळी ताकद तिथेच संपते. म्हणून शंका आली की वहीत एक ओळ टिपायची, उत्तर द्यायचं नाही. रविवारी 20 मिनिटं सगळ्या शंका वाचायच्या. त्या वेळी त्यांना पूर्ण मोकळीक. (निम्म्या शंका तोवर शिळ्या झालेल्या असतात.) दुसरा धोका विनोदाचा. आपल्याच प्रयत्नाची आधीच टिंगल केली की हरल्याचं दुःख होत नाही, पण मग नीट प्रयत्नही होत नाही.

तीन आठवड्यांनीही अडलंच, तर इच्छाशक्तीला दोष देऊ नकोस. या कामाऐवजी काय केलं जातं आणि ते थांबवलं तर कशाची भीती वाटते, हे शेजारी-शेजारी लिही. बहुधा तिथे एखादं जुनं, न तपासलेलं गृहीतक बसलेलं असतं.

मुदत संपली की ठेव, बदल किंवा सोड. फक्त वही उघडून ठरव, त्या दिवसाच्या मूडवर नको.

तुझं वाक्य या रविवारपर्यंत पाठव. क्रियापद नसेल तर परत येईल.