पुरात माणसे मरतात तेव्हा जबाबदार कोण धरायचे: हवामानबदल की प्रशासन?

आपला प्रश्न असा आहे की, मोठ्या पुरानंतर एक बाजू ‘हा हवामानबदलाचा परिणाम आहे, याला कोण काय करणार’ असे म्हणते, दुसरी बाजू ‘ही सरकारने केलेली हत्या आहे’ असे म्हणते, तर यांपैकी खरे काय मानावे आणि हवामानच बदलत असताना कुणाला दोषी धरणे न्याय्य आहे का. माझ्या मते या वादात दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांत मिसळले गेले आहेत. पाऊस इतका का पडला हा एक प्रश्न आहे आणि त्या पावसात अमुक माणूस का मेला हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरात हवामानबदलाला जागा आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र पाणी चढू लागल्यापासून माणूस बुडेपर्यंतच्या तासांत, आणि पुष्कळदा त्याच्या आधीच्या अनेक वर्षांत, शोधावे लागते.

मी सांगलीत राहतो. २००५, २०१९ आणि २०२१ हे तिन्ही महापूर मी पाहिले आहेत आणि २०१९ मध्ये मिरजेतील एका छावणीत काही दिवस कामही केले आहे, त्यामुळे मी आमच्या भागातील उदाहरणापासूनच सुरुवात करतो.

पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ हे गाव कृष्णा आणि येरळा यांच्या संगमावर आहे. पूर चढला की त्याला चारही बाजूंनी वेढा पडतो, हे तिथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी या गावातून माणसे बाहेर काढताना ग्रामपंचायतीची बोट उलटली. तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त, म्हणजे तीसच्या आसपास माणसे बसलेली होती. डझनाहून अधिक माणसे बुडाली आणि त्यांत स्त्रिया व मुले होती. त्या सुमारास सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तर इथली धोका पातळी ४५ फूट आहे.

आता या मृत्यूंचे कारण काय सांगायचे? पाऊस विलक्षण होता यात शंका नाही. परंतु ती बोट उलटली तेव्हा पूर अचानक आलेला नव्हता. पाणी कित्येक दिवस फुटाफुटाने चढत होते, इशारा पातळी आणि धोका पातळी दोन्ही मागे पडल्या होत्या, धरणांतून किती क्युसेक विसर्ग चालू आहे याचे आकडे रोज प्रसिद्ध होत होते. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेले पाणी आमच्यापर्यंत यायला वेळ लागतो आणि हा वेळ म्हणजे नदीने दिलेली मुदतच असते. मग ज्या गावाला वेढा पडणार हे पिढ्यानपिढ्या माहीत आहे, ते गाव पाणी चढण्याआधी रिकामे का झाले नाही? गावाला पुरतील इतक्या बोटी का नव्हत्या? बोटीत किती माणसे बसवायची हे ठरवणारा आणि काठावर उभे राहून ते पाळायला लावणारा प्रशिक्षित माणूस कुठे होता? ‘लोकांनी गर्दी केली’ हे उत्तर मी तेव्हाही ऐकले आणि त्याचा मला तेव्हाही संताप आला. पाणी छातीशी आलेले असताना, पुढची बोट येईल की नाही हे माहीत नसताना, आई मुलाला घेऊन समोरच्या बोटीत चढणारच. तिच्यासमोर दुसरी बोट उभी असती तर तिने गर्दी केली नसती. आमच्याकडे जुनी माणसे गुळाच्या काहिलीत, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईत, बसून नदी पार करत असत, ती हौस म्हणून नव्हे, तर दुसरे साधन नव्हते म्हणून. २०१९ मध्येही पुष्कळ गावांची परिस्थिती त्याहून फारशी वेगळी नव्हती.

याच्याही मागे एक कारण आहे आणि त्यात मी स्वतः सामील होतो, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. २००५ च्या पुराचे पाणी कुठपर्यंत आले होते याच्या खुणा आमच्या भिंतींवर होत्या आणि त्या खुणांवर आमचा पूर्ण विश्वास होता. ‘२००५ ला आपल्या पायरीशी येऊन थांबले, त्याच्या पुढे काही येणार नाही,’ असे गल्लीतील प्रत्येक जण म्हणत होता. मीही माझ्या वृद्ध आत्याला हेच सांगितले आणि तिला हलवण्याची घाई केली नाही. २०१९ चे पाणी त्या खुणेच्या तीन फुटांहून अधिक वर गेले आणि आत्या दोन रात्री वरच्या मजल्यावर, विजेवाचून आणि पिण्याच्या पाण्यावाचून अडकून राहिली. ती वाचली. जी माणसे वाचली नाहीत त्यांच्या घरच्यांनीही बहुधा अशाच एखाद्या जुन्या खुणेवर विसंबून निर्णय घेतला असेल. हवामान बदलते आहे याचा आमच्यापुरता सर्वांत महत्त्वाचा अर्थ हाच की जुनी खूण आता मर्यादा राहिलेली नाही, आणि ही गोष्ट नागरिकांना पाणी यायच्या आधी, दवंडी पिटून, घरोघर जाऊन सांगणे हे ज्यांचे काम आहे त्यांनी ते केले की नाही, हा जबाबदारीचा खरा प्रश्न आहे.

ही चूक फक्त आपलीच आहे असे समजू नये. जुलै २०२१ मध्ये जर्मनीत आर नदीच्या खोऱ्यात पूर आला आणि त्या एका खोऱ्यात १३० हून अधिक माणसे मेली. तिथे नदीची पद्धतशीर मोजणी १९४७ पासूनची होती आणि धोक्याचे नकाशे त्या नोंदींवर आधारलेले होते. १८०४ आणि १९१० या वर्षी त्याच खोऱ्यात भीषण पूर येऊन माणसे मेल्याचे कागदोपत्री नोंदलेले होते, पण ते नकाशांच्या हिशेबात आलेच नाही. झिंझिश या गावी अपंगांच्या एका निवासात १२ जण बुडाले. हे गाव नदीच्या मुखाजवळ आहे, वरच्या गावांत हाहाकार उडाल्यानंतर तिथे पाणी पोचायला काही तास लागले, तरीही तो निवास रिकामा झाला नाही. त्या पावसाची शक्यता तापमानवाढीमुळे वाढलेली होती, असे शास्त्रज्ञांच्या अभ्यासातून पुढे आले. ते खरे मानूनही त्या बारा जणांच्या बाबतीत मधल्या तासांचा हिशेब शिल्लक राहतोच.

हवामानबदलाचा वाटा मी कमी लेखत नाही. हवा एक अंश सेल्सिअसने तापली तर तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, हे भौतिकशास्त्र आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या आहेत. या बदलाला जे देश आणि जे उद्योग अधिक कारणीभूत आहेत त्यांच्यावर आर्थिक जबाबदारी आहेच आणि २०२२ मध्ये शर्म अल-शेख येथील हवामान परिषदेत हानी व नुकसान निधी मान्य झाला त्यामागेही हीच मागणी होती. पण हे खाते वेगळे आहे. त्या खात्यावर जगाकडून येणे आहे म्हणून तालुक्याच्या खात्यावरील देणे माफ होत नाही. उलट ‘पाऊस वाढणार’ हे १९९० च्या दशकात एखाद्या अभियंत्याला माहीत नव्हते असे म्हणता येईल, आज तसे म्हणता येणार नाही. जितके अधिक माहीत आहे तितकी जबाबदारी जास्त, आणि म्हणून ‘अभूतपूर्व’ हा शब्द अधिकाऱ्याच्या तोंडी येतो तेव्हा तो मला बचाव म्हणून पटत नाही. सलग तीन वर्षांत दोनदा जे घडले त्याला अभूतपूर्व कसे म्हणायचे?

आमच्याकडे पूर आला की चर्चा जवळजवळ लगेच अलमट्टीवर जाते. कर्नाटकात, आमच्या खालच्या बाजूला कृष्णेवर असलेल्या या धरणाची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर आहे, ती ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवण्यास कृष्णा पाणी तंटा लवादाने २०१० मध्ये मुभा दिली आणि त्याच्या फुगवट्याने, म्हणजे धरणामागे तुंबलेल्या पाण्याने, आमचे पाणी ओसरत नाही अशी इथली भावना आहे. २०१९ नंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने मात्र महापुराचे खापर अलमट्टीवर फोडले नाही, तिने अतिवृष्टी, नदीपात्रातील अतिक्रमणे आणि पूररेषांकडे झालेले दुर्लक्ष यांच्याकडे बोट दाखवले. तो निष्कर्ष सर्वांना मान्य नाही आणि दोन राज्यांमधील भांडण पुढेही चालेल. माझी तक्रार वेगळी आहे. अलमट्टीचा वाद पाणी किती चढले आणि किती दिवस राहिले याविषयीचा आहे. तो उद्या सर्वस्वी आमच्या बाजूने सुटला तरी ब्रह्मनाळला दुसरी बोट मिळत नाही. तसेच निळ्या पूररेषेच्या, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या हद्दीच्या, आत प्लॉट पाडून ते विकणारे, त्या विक्रीकडे काणाडोळा करणारे आणि पुढे तिथेच रस्ता, वीज व नळ देऊन वस्ती कायम करणारे लोक कर्नाटकात राहत नाहीत. सांगलीत सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रस्ता इथे सर्वांत आधी पाणी शिरते, हे प्रत्येक पावसाळ्यात वर्तमानपत्रात छापून येते. तिथे राहणारे लोक हौसेने राहत नाहीत, परवडणारी जागा तेवढीच होती.

काही घटनांत तर हवामानबदलाचे नावही घेण्याची गरज पडू नये. २ जुलै २०१९ रोजी चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण रात्री फुटले आणि खालची वस्ती वाहून गेली. धरणाला गळती आहे अशा तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. त्यानंतर राज्याच्या तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी धरण खेकड्यांमुळे फुटल्याचे सांगितले. ज्यांची माणसे चिखलात शोधली जात होती त्यांनी हे वाक्य कसे ऐकले असेल, हा विचार माझ्या मनातून आजही जात नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील इंग्रजांच्या काळातील दगडी पूल पुरात कोसळला, एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. शेजारी नवा पूल उभा असताना जुन्या पुलावरून रहदारी चालूच होती. पुढे त्या जागी काही महिन्यांत नवा पूल बांधून झाला. जे काम माणसे मेल्यावर इतक्या लवकर होऊ शकले, ते आधी का होऊ शकले नाही?

याउलट, जिथे दोन्ही कारणे एकत्र येतात तिथे काय करावे याचे उदाहरण लिबियातील डेर्ना शहराचे आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये वादळी पावसाने शहराच्या वरची दोन धरणे फुटली आणि हजारो माणसे समुद्रात वाहून गेली. तापमानवाढीमुळे तसा पाऊस पडण्याची शक्यता पन्नास पटींपर्यंत वाढली होती, असा अभ्यास प्रसिद्ध झाला. तरीही धरणांची देखभाल न केल्याबद्दल तिथल्या न्यायालयाने २०२४ मध्ये १२ अधिकाऱ्यांना तुरुंगवासाची शिक्षा दिली. एकाच घटनेत हवामानाचा वाटा मोठा असू शकतो आणि माणसांचा अपराधही सिद्ध होऊ शकतो. जर्मनीत मात्र आर खोऱ्यातील जिल्हाप्रमुखाविरुद्धचा तपास २०२४ मध्ये थांबवण्यात आला, वेळेवर इशारा दिला असता तर नेमके अमुक जण वाचले असते, हे फौजदारी कायद्याला हवे तितक्या खात्रीने दाखवता आले नाही.

त्यामुळे ‘दोषी धरणे न्याय्य आहे का’ या आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाला माझे उत्तर होकारार्थी आहे, पण तुरुंग हा त्याचा मुख्य मार्ग आहे असे मला वाटत नाही. आपल्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात, २००५ च्या, नेमून दिलेले कर्तव्य टाळणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षेची तरतूद आहे आणि सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षणही आहे. ते संरक्षण असावे, नाहीतर गाव रिकामे करण्याचा आदेश द्यायलाच कुणी धजणार नाही. मला भीती वाटते ती वेगळ्या गोष्टीची: दोष ठरवायची वेळ आली की तो उतरत उतरत तलाठी, ग्रामसेवक किंवा बोट चालवणाऱ्या गावच्याच पोरापर्यंत येतो आणि बोटींसाठी पैसे मंजूर न करणाऱ्या टेबलापर्यंत कधी चढत नाही.

मला हवी आहे ती प्रत्येक पूरमृत्यूची स्वतंत्र, तासवार नोंद, आणि तीही जाहीर. पातळी इशाऱ्यापर्यंत कधी पोचली, गावाला कुणी आणि किती वाजता कळवले, वाहन किंवा बोट कधी मागितली, कधी मिळाली, जनावरांसाठी छावणी उघडली होती का. शेवटचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण आमच्याकडची माणसे घरासाठी मागे राहत नाहीत, गोठ्यातल्या म्हशीसाठी राहतात. २०२१ मध्ये कृष्णा पुन्हा धोका पातळीच्या कितीतरी वर गेली, तेव्हा पुष्कळ गावांतून लोक जनावरांसह आधीच बाहेर पडले होते आणि आमच्या जिल्ह्यात ब्रह्मनाळसारखे पुन्हा काही घडले नाही. पाऊस त्याही वर्षी तसाच होता. आज चार लाखांच्या सानुग्रह मदतीसाठी मृत्यूचा दाखला आणि पंचनामा लागतो, त्या पंचनाम्यात पाण्याखाली गेलेल्या भांड्यांचीही नोंद असते, पण या माणसाला कुणी, कधी हाक मारली होती, यासाठी एकही रकाना नाही.